फुकट घराची किंमत

मुंबईत गोरेगाव पश्चिमेला उन्नत नगरमध्ये 'जय भवानी' नावाची इमारत आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून ती उभी राहिली. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास तिच्या तळमजल्यावर आग लागली. तेथे वाहने उभी होती आणि जुन्या कपड्यांची बोचकी रचलेली होती. धूर जिन्यावाटे वर चढला. किमान सात माणसे दगावली आणि पन्नासाहून अधिक जखमी झाली. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली, चौकशीची घोषणा झाली, आणि जुन्या पुनर्वसन इमारतींना बाहेरून लोखंडी जिने बसविण्याचा विचारही पुढे आला. दुर्घटना ओसरली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्याची शासनाची जुनी रीत आहे. त्या रीतीला अनुसरून सारे यथासांग पार पडले.

परंतु ही आग ठिणगीतून जन्मली, एवढ्यावर विषय संपत नाही. ठिणगी कोठेही पडते. ती पडल्यावर माणसे मरतात की वाचतात, हे इमारतीच्या रचनेवर आणि निगेवर ठरते, आणि रचना व निगा या दोहोंचा निर्णय त्या माणसांच्या हाती नसतो.

ती बोचकी तळमजल्यावर का होती, याचा विचार आधी केला पाहिजे. तेथील अनेक कुटुंबांचा व्यवसाय जुन्या कपड्यांचा. ज्यांच्या बायकांना महाराष्ट्र बोहारणी म्हणून ओळखतो, त्यांचा. झोपडीत माणूस राहतोही आणि कमावतोही. योजनेने त्याला घर दिले ते प्रथम २२५ चौरस फुटांचे, पुढे २६९ चौरस फुटांचे आणि अलीकडे ३०० चौरस फुटांचे. एवढ्या जागेत संसार मांडल्यावर धंद्याला कोपरा उरत नाही. तो मग जिन्याखाली, वाहनतळात, वऱ्हांड्यात जातो. योजनेने छप्पर मोजले, उपजीविका मोजली नाही. रहिवाशांनी वाट अडवून ठेवली हा आरोप वस्तुस्थिती म्हणून खरा असेल. कारण म्हणून तो अपुरा आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर अथवा भोगवटादारावर टाकली आहे. दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून तसे प्रमाणपत्र सादर करावे, असे तो सांगतो. कायदा वाचायला निर्दोष आहे. पण पुनर्वसन इमारतीत मालक कोण? ज्याने बांधली तो विकासक विक्रीच्या इमारतीतून नफा घेऊन दुसऱ्या भूखंडाकडे गेलेला असतो. मागे उरते गृहनिर्माण संस्था. तिचे सभासद म्हणजे रोजंदार, घरकामगार आणि फेरीवाले. दंड, नोटीस आणि दोष हे सारे त्यांच्या दारी येते.

येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. मूळ नियमानुसार विकासकाने प्रत्येक घरामागे २०,००० रुपये देखभालीसाठी ठेव म्हणून भरावयाचे होते. नंतर ही रक्कम वाढविण्यात आली. या २०,००० वर आठ टक्के व्याज धरले तर वर्षाला १,६०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १३३ रुपये होतात. शंभर घरांच्या इमारतीस महिन्याकाठी साडेतेरा हजारांच्या आत रक्कम मिळणार. त्यातून उद्वाहन चालवायचे, पाण्याचा पंप चालवायचा, जिन्यातले दिवे लावायचे, सफाई करायची. आगीचा पंप वर्षानुवर्षे निरुपयोगी दिसतो. पैसा कमी पडला की तो प्रथम बंद पडतो. पाणी चढले नाही तर त्याच दिवशी ओरड होते, आगीचा पंप बिघडला तर ओरड आग लागल्यावरच होते. यात कोणाचा निष्काळजीपणा शोधण्यापेक्षा अपुऱ्या तरतुदीचे हे अटळ फळ आहे, हे ओळखणे अधिक प्रामाणिकपणाचे होय.

१९९५ साली ही योजना आली तेव्हा तिचे तत्त्व असे सांगितले गेले की, बाजार गरिबाला फुकट घर देईल आणि सरकारच्या तिजोरीला तोशीस पडणार नाही. घर फुकट मिळाले. पण त्याची किंमत नाहीशी झाली नाही. ती दोन इमारतींमधील अंतरातून वसूल झाली. पुनर्वसन इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल करण्यात आले आणि काही वसाहतींत दोन इमारतींत तीन मीटरच अंतर उरले. तेथे ऊन, वारा पोचत नाही, मग अग्निशमन दलाची गाडी कोठून पोचणार? ज्या भूखंडावर विक्रीची इमारत प्रशस्त मोकळ्या जागेत उभी राहते, त्याच भूखंडावर ही दाटी नियमाने मान्य होते. एकाच नियमावलीत दोन प्रकारच्या माणसांसाठी सुरक्षिततेची दोन मापे असावीत, ही विषमता तांत्रिक म्हणून खपवून घेता येणार नाही.

हा दोष केवळ आपल्या दारिद्र्याचा आहे, असेही नाही. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली सार्वजनिक घरांची इमारत देशातील अतिश्रीमंत विभागांपैकी एका विभागात होती. १४ जून २०१७ च्या आगीत तेथे ७२ माणसे मेली. दुरुस्तीच्या वेळी खर्च वाचविण्यासाठी भिंतींना जे स्वस्त आवरण बसविले, तेच पेटले. रहिवाशांनी धोक्याची सूचना आधी दिली होती. हे सर्व मृत्यू टाळता आले असते, असा निष्कर्ष चौकशी अहवालाने २०२४ साली काढला. हाँगकाँगच्या वांग फुक कोर्ट या अनुदानित वसाहतीत २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुरुस्ती चालू असताना आग लागली. आठपैकी सात इमारती तिच्या तडाख्यात सापडल्या आणि दीडशेहून अधिक जीव गेले. तेथेही रहिवाशांच्या तक्रारी आधीच नोंदलेल्या होत्या. या शहरांत पैसा होता, ज्ञान होते, नियमही होते. रहिवाशाचा शब्द मोजला जात नव्हता.

मग तुंगार्लीचा येथे काय संबंध? लोणावळ्याचा हा भाग अजून बंगल्यांचा आणि विश्रामगृहांचा म्हणून ओळखला जातो. तुंगार्ली धरणाकडे जाणारा चढाचा रस्ता सुटीच्या दिवशी मोटारींनी भरतो. पण या बंगल्यांचे राखणदार, हॉटेलांतील कामगार, चिक्कीच्या कारखान्यातील हात यांनाही घर लागते. जमिनीचे भाव मुंबई-पुण्याच्या पैशाने वाढल्यावर त्यांच्या घरांसाठी एकच मार्ग सुचविला जाईल: थोड्या जागेत उंच इमारत. राज्याची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली, तेव्हा लोणावळा नगरपरिषदेचे क्षेत्र तिच्यातून वगळण्यात आले. या गिरिस्थानाची स्थिती वेगळी आहे, हे शासनाने त्यातून मान्यच केले. हे वेगळेपण डोंगरापुरते मानावयाचे की माणसांपर्यंत न्यावयाचे, हा प्रश्न आहे. शनिवार-रविवारी ज्या रस्त्यावर गाडी तासभर हलत नाही, तेथे अग्निशमन दल वेळेवर येईल या भरवशावर कोणतीही उंच इमारत मंजूर होता कामा नये. बाहेरून मदत येईपर्यंत आतले माणूस जगले पाहिजे, हीच तेथील पहिली अट असावी.

सुरक्षिततेचा आग्रह धरला तर घरे महाग होतील आणि कमी बांधली जातील, असा युक्तिवाद होईल. त्यात हिशेबाची गफलत आहे. धूर न शिरणारा बंदिस्त जिना, सुटकेची दुसरी वाट, चालू पंप यांचा खर्च आज टाळला तरी तो उद्या रुग्णालयात, स्मशानात आणि पाच लाखांच्या धनादेशात करावाच लागतो. फरक एवढाच की आज तो नफा कमावणाऱ्याने करावयाचा असतो आणि उद्या तो गरिबाच्या नावावर पडतो.

म्हणून मागण्या मोजक्या आणि स्पष्ट हव्यात. देखभालीची ठेव ठोकळ रकमेने न ठरविता यंत्रणेच्या प्रत्यक्ष वार्षिक खर्चावरून ठरवावी आणि ती विक्रीच्या इमारतीच्या उत्पन्नातून घ्यावी. पहिली दहा वर्षे अग्निशमन यंत्रणेचे उत्तरदायित्व विकासकावर राहावे. जानेवारी-जुलैचे प्रमाणपत्र प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागात मराठीत लावावे. ते नसेल तर नगरपरिषदेने अथवा महापालिकेने स्वतः यंत्रणा दुरुस्त करून खर्च वसूल करावा. तळमजल्यावर रहिवाशांच्या धंद्यासाठी जिन्यापासून वेगळी, बंदिस्त जागा नकाशातच असावी. आणि मोकळ्या जागेचे माप विक्रीच्या इमारतीला जे, तेच पुनर्वसनाच्या इमारतीला असावे.

घर हा हक्क आहे, असे या राज्यात सर्व पक्ष म्हणतात. त्या घरातून जिवंत बाहेर पडता येणे हा त्याच हक्काचा भाग आहे. लोणावळ्यात अशा इमारती उभ्या राहण्यापूर्वी तो नियमात लिहून घेता येईल. गोरेगावात ती वेळ टळून गेली होती.