रात्रीच्या पाळीचा प्रश्न

इंदापूर तालुक्यात वरकुटे खुर्द आणि वरकुटे बुद्रुक अशी दोन गावे आहेत. पुण्याच्या सुशिक्षित वाचकाला त्यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. सोलापूरच्या वाटेवर इंदापूर येते आणि जाते, एवढाच त्याचा या मुलुखाशी परिचय! परंतु सायंकाळी सात वाजता त्याच्या दिवाणखान्यात जो दिवा लागतो, त्याचा या गावांतील शेतकऱ्याच्या झोपेशी फार निकटचा संबंध आहे. आणि तो आता स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे.

कृषिपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज द्यावयाची, आणि ही पाळी आलटून पालटून फिरवावयाची, असा शिरस्ता या राज्यात वर्षानुवर्षे चालत आला. कागदावर रात्रीचे दोन तास अधिक दिसतात; पण हातात विजेरी घेऊन उसाच्या फडात दारे धरणाऱ्याला त्या दोन तासांचे मोल विचारा! पायाखाली साप, आणि बिबट्याचा वावर असलेल्या तालुक्यांत पाठीमागे त्याची धास्ती. ही पाळी रात्रीच का? शहरे झोपली म्हणजे वीज मोकळी होते, म्हणून. आमची गरज भागल्यावर जे उरेल ते त्याचे, असा हा हिशेब होता.

सूर्याने तो हिशेब उलटा केला आहे. २०१७ साली जाहीर झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ पासूनची तिची दुसरी आवृत्ती यांचा हेतूच मुळी उपकेंद्राजवळ सौरवीज निर्माण करून पंपांना ती दिवसा पुरवावी असा आहे. दुपारी वीज इतकी मुबलक होऊ लागली आहे, की १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत देण्यात येऊ लागली. ज्या मालावर दुकानदार दुपारी सूट देतो, त्याच मालासाठी सायंकाळी ग्राहकांची झुंबड उडते, अशी ही विलक्षण बाजारपेठ आहे. वीज म्हणजे काही जोंधळा नव्हे, की कणगीत भरून ठेवावा आणि लागेल तसा काढावा. ज्या क्षणी निर्माण झाली त्याच क्षणी ती वापरली गेली पाहिजे; नाहीतर तिला दुसऱ्या रूपात कोंडून ठेवले पाहिजे.

कोंडून ठेवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. भिरा येथे टाटांचा १५० मेगावॅटचा संच आणि घाटघर येथे २००८ साली सुरू झालेला २५० मेगावॅटचा प्रकल्प हेच काम करतात. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी सह्याद्रीवर चढवावयाचे, आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज घ्यावयाची. शंभर युनिटे घातली तर पाऊणशे-ऐंशी हाती येतात. उरलेली साठवणीची दलाली म्हणून सोडून द्यावयाची. २०२३ साली पुणे जिल्ह्यातील शिरवता येथे १८०० आणि रायगडमधील भिवपुरी येथे १००० मेगावॅटच्या अशाच प्रकल्पांचा करार राज्य सरकारने टाटा पॉवरशी केला. दुसरा मार्ग बॅटऱ्यांचा. गुजरातेत मोढेरा या गावासाठी १५ मेगावॅट-तासांची बॅटरी बसवून २०२२ साली ते गाव अहोरात्र सौरविजेवर चालणारे म्हणून जाहीर झाले. जे मोढेऱ्याला जमले ते वरकुट्याला का जमू नये?

येथे शहरी मध्यमवर्गाला चार शब्द ऐकवणे आम्हांस भाग आहे. भारनियमनाच्या काळात आपण काय केले? २००६ साली पुण्यातील कारखान्यांनी आपली जनित्रे चालवावीत आणि त्यांचा जादा खर्च नागरिकांनी अधिभाराच्या रूपाने सोसावा, अशी तोड निघाली. शहर उजळले. ज्यांना ते परवडले त्यांनी भिंतीशी इन्व्हर्टरही बसविले. खेड्यांचा अंधार मात्र होता तसाच राहिला. आज छपरावर सौरपट्ट्या बसविण्याची लाट आली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. पण दुपारी वीज जाळ्यात सोडली आणि रात्री तितकीच परत घेतली म्हणजे व्यवहार चुकता झाला, ही समजूत भाबडी आहे. दुपारचे युनिट आणि सायंकाळचे युनिट मीटरवर सारखे दिसले, तरी सायंकाळच्या युनिटासाठी कोराडीला अथवा चंद्रपूरला कोळसा जळत असतो. जाळे ही आपली फुकटची बॅटरी नव्हे.

म्हणून साठवणूक हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा विषय होऊ देता कामा नये. बॅटऱ्या धनिकांच्या बंगल्यांत आणि कारखान्यांच्या आवारात तेवढ्या बसल्या, तर २००६ चीच पुनरावृत्ती होईल. त्या तालुक्याच्या उपकेंद्रांत बसल्या पाहिजेत. त्यांचा खर्च सायंकाळच्या दरात पडला पाहिजे, आणि तो सोसण्यास आम्ही शहरवासीयांनी कुरकुर करू नये. स्मार्ट मीटरविषयी लोकांत जो संशय आहे तोही महावितरणने उपदेशाने नव्हे, तर समजेल अशा बिलाने दूर करावा.

शेतकऱ्यापाशी मात्र एक साठवण आधीच आहे. दुपारी पंपाने शेततळ्यात चढविलेले पाणी ही त्याची बॅटरीच होय. तिला लिथियम लागत नाही. धोका दुसराच आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज २०२४ पासून मोफत आहे, आणि इंदापूर हा पर्जन्यछायेतला तालुका. वीज फुकट, ऊन फुकट, आणि शेतात ऊस. मग विहिरीच्या तळाचा विचार कोण करणार? त्याची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर ढकलून चालणार नाही. उसाखेरीज दुसऱ्या पिकाला हमखास भाव मिळाल्याशिवाय त्याने ऊस सोडावा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याच तालुक्याची जमीन १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली. त्या धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे वीजगृह आहे, आणि त्यातील यंत्र उलटे फिरवून पाणी परत वर चढविता यावे अशा धाटणीचे आहे. त्यासाठी खालच्या अंगाला पाणी थोपवून धरणारे तळे लागते. चालू साठवण-प्रकल्पांच्या यादीत राज्यातून भिरा आणि घाटघर हीच नावे दिसतात. शिरवत्याला १८०० मेगावॅटचे मनोरथ रचणाऱ्या सरकारने उजनीच्या या १२ मेगावॅटांचे काय करणार, ते इंदापूरकरांना जाहीरपणे सांगावे.