झोंबलं म्हणजे स्वच्छ झालं?

गेल्या शनिवारी दाढ पुन्हा भरून घेतली. तीच दाढ, तेच कंपोझिट फिलिंग. आधीचं जेमतेम तीन वर्षं टिकलं. खुर्चीत बसता बसता मी डॉक्टरीणबाईंना मोठ्या अभिमानाने सांगून टाकलं, की मी तर रोज दोनदा माऊथवॉश वापरतो! त्यांनी विचारलं, "आणि फ्लॉस?" मी छताकडे बघितलं. "माऊथवॉश अल्कोहोलचं का बिनअल्कोहोलचं?" तेही ठाऊक नव्हतं. घरी येऊन बाटली फिरवली तर बारीक अक्षरात इथेनॉल. घ्या!

आता थोडं रसायनशास्त्र, झोपू नका. कंपोझिट म्हणजे काचेची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. निळा दिवा मारला की ते घट्ट होतं, पण सगळंच्या सगळं कधीच जुळत नाही. थोडं मोनोमर तसंच मोकळं राहतं. इथेनॉल या जाळीत शिरतं, ती फुगवतं, मऊ करतं आणि ते मोकळं मोनोमर बाहेर काढतं. पृष्ठभागाचा कठीणपणा उतरतो. अमेरिकेतल्या मूळ लिस्टरीनमध्ये अल्कोहोल होतं 26.9 टक्के. आपली स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांच्या आसपास असते, त्यावरून काय तो अंदाज करा.

म्हणून माझं फिलिंग माऊथवॉशने खाल्लं, असं म्हणू का? नाही. इथे आपल्या धंद्यातली गोष्ट आठवते: लोड टेस्ट म्हणजे प्रॉडक्शन नव्हे. प्रयोगशाळेत फिलिंगचे तुकडे सलग बारा तास माऊथवॉशमध्ये बुडवून ठेवतात. रोजची दोन मिनिटं गुणिले 365, झालं एक वर्ष! पण तोंडात मध्ये तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटं लाळ असते. ती पातळ करते, धुऊन टाकते. शिवाय बिनअल्कोहोलच्या काही माऊथवॉशनीही प्रयोगात कठीणपणा घटलाय, त्यात आम्लपणाचाही हात असतो. खऱ्या तोंडातली फिलिंग्ज जातात ती मुख्यतः कडेने पुन्हा कीड लागून, नाहीतर तुटून.

मग भांडण कशाशी? त्या झोंबण्याशी. डोळ्यांतून पाणी आलं की आपल्याला वाटतं, जंतू मेले. अहो, त्यातलं अल्कोहोल मुळात आहे ते थायमॉल, मेन्थॉलसारखी तेलं विरघळवायला. जंतूंवरचं काम ती तेलं करतात, आणि तीच तेलं असलेली बिनअल्कोहोलची बाटली शेजारीच मिळते. म्हणजे ज्याची गरज नाही असं सॉल्व्हंट आपण प्लॅस्टिक बसवलेल्या दातांवर रोज ओतायचं, केवळ 'काहीतरी झाल्यासारखं' वाटावं म्हणून! आणि कंपोझिट असेल तर काय वापरावं, हे माझ्या बाटलीवरही नव्हतं आणि तीन वर्षांपूर्वी ज्यांनी दाढ भरली त्यांनीही सांगितलं नव्हतं. हजारो रुपये घेताना एक वाक्य जड झालं का हो?

(क्लोरहेक्सिडीनवाले वेगळे. ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. महिनोन्महिने चालू ठेवलंत तर दात आणि फिलिंग दोन्ही तपकिरी होतील.)

पण खरी गफलत माझीच आहे. माऊथवॉश मारला की ब्रश घाईत उरकायची मुभा मिळते. फ्लॉस तर विसराच. आणि कीड लागते ती नेमकी दोन दातांच्या मधल्या फटीत, जिथे कितीही खळखळवलं तरी चिकटलेला थर निघत नाही.

बाईंनी अल्कोहोल नसलेलं, 0.05 टक्के सोडियम फ्लोराईडचं माऊथवॉश दिलंय, तेही ब्रश आणि फ्लॉस करून मग. रविवारी रात्री पहिल्यांदा नीट फ्लॉस केलं. दुपारच्या मेथीची काडी निघाली. मधल्या काळात मी दोनदा खळखळून चूळ भरली होती.