पितळेवरची अक्षरे भट्टीत जाण्यापूर्वी

तळोजा औद्योगिक वसाहतीत जुना धातू वितळवून नवा घडवला जातो. भट्टीला इतिहासाशी देणेघेणे नसते. तिला कळते ते वजन आणि शुद्धता. युद्धकालीन तोफगोळ्याचा फ्यूज, म्हणजे गोळा केव्हा फुटावा हे ठरवणारा टोकाचा भाग, अशा भंगारात मिसळला तर त्याच्यावर ठोकलेली अक्षरेही त्याच्यासोबत वितळतात.

ब्रिटिश फ्यूजवर प्रकाराचा क्रमांक, आवृत्ती, तारीख आणि उत्पादकाची आद्याक्षरे असत. ‘आर.एल.’ म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी, ‘व्ही.एस.एम.’ म्हणजे व्हिकर्स, सन्स अँड मॅक्सिम. रुंद बाणाग्राला मात्र पुष्कळ हौशी संग्राहक कारखान्याची खूण समजतात. ती सरकारी मालकीची खूण. सोबत ‘आय’ असल्यास मालक हिंदुस्थान सरकार. मालक आणि कारागीर यांत एवढी गल्लत केली, की पुढचा सारा निष्कर्ष कोसळतो.

ही अक्षरे क्षुल्लक नव्हेत. पहिल्या महायुद्धात १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्यांवर ८० क्रमांकाचा फ्यूज सर्रास असे. त्याची मूळ रचना जर्मनीच्या क्रुप कंपनीची. व्हिकर्सने १९०२ च्या कराराने तिचा परवाना घेतला होता. ‘के.पी.झेड. ९६/०४’ ही खूण त्याचीच साक्ष. युद्धानंतर क्रुपने शत्रूने झाडलेल्या फ्यूजचे स्वामित्वशुल्क मागितले आणि १९२६ मध्ये ४० हजार पौंडांवर तडजोड झाली! रणांगणावरील मृत्यूचा हिशेब असा पेढीच्या वहीत उतरला.

‘ब्रिटिश’ हा शब्दही सावधपणेच वापरावा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. काडतुसांच्या बुडावरचे ‘के.एफ.’ त्याचेच. वस्तूला सरसकट ‘ब्रिटिश’ म्हणून मोकळे होणे म्हणजे पुण्याजवळच्या कामगारांचे हात इतिहासातून पुसणे. संग्रहालयांच्या पाट्यांनीही हा आळस सोडला पाहिजे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ फुटले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. बंदराच्या या परिसरात जुना दारूगोळा सापडणे म्हणूनच केवळ कल्पनाविलास नव्हे. अशा वस्तूवरील खूण वाचण्यासाठी तिला घासणे, फिरवणे, उघडणे हा मात्र वेडेपणा. दशकांनंतरही फ्यूज जिवंत असू शकतो. जागचा हलवू नये, दूरवरून छायाचित्र घ्यावे, पोलिसांना कळवावे. निकामी ठरल्यावर, भट्टीत जाण्याआधी, अक्षरांची नोंद व्हावी.