गांडूळ जगले, पण पिलांचे काय?

पहिला पाऊस पडून गेला की आमच्या वाडीतील अंगणांत गांडुळे वर येतात आणि मुले त्यांना काडीने डिवचू लागतात. "मेलं नाही रे, हलतंय!" असे कोणी ओरडले की साऱ्यांचे समाधान होते. मोठी माणसेही पुष्कळदा याच न्यायाने चालतात. मेले नाही, म्हणजे अपाय झाला नाही! हा न्याय किती पोकळ आहे, हे त्या मुक्या गांडुळानेच दाखवून दिले आहे.

दारूगोळा फुटतो तेव्हा तो नेहमीच पुरता जळून जातो असे नाही. टीएनटी, आरडीएक्स, एचएमएक्स या स्फोटक द्रव्यांचे कण मातीत उरतात. त्यांची बाधा जोखण्यासाठी अमेरिका व कॅनडा येथील शास्त्रज्ञांनी ती द्रव्ये कमीअधिक प्रमाणात मातीत मिसळून तीत गांडुळे आणि त्यांहून बारीक असे पांढरे कृमी सोडले.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८४ साली ठरविलेली गांडुळांची चाचणी १४ दिवसांची होती. किती जगली, किती मेली, एवढेच तीत पाहावयाचे. २००४ सालच्या चाचणीत मोठी गांडुळे ४ आठवड्यांनी काढून घेतात आणि आणखी ४ आठवड्यांनी पिले मोजतात. सारे मर्म या दुसऱ्या मोजणीत आहे. आरडीएक्स व एचएमएक्स मिसळलेल्या मातीत मोठी गांडुळे जगली, परंतु त्यांचे कोश घटले. उलट, पांढऱ्या कृमींना एचएमएक्सने फारसे काही झाले नाही. त्यांना टीएनटीने गाठले. तीच माती काही काळ ओली-सुकी होऊ दिल्यावर तर टीएनटीची बाधा वाढलेली आढळली. तेव्हा एका जीवावरून अथवा ताज्या मातीवरून निकाल देणे धोक्याचे होय.

कोणी म्हणेल, देशरक्षणापुढे गांडुळांची काय मातब्बरी? सैन्याला दारूगोळा हवा, हे मला मान्य आहे. परंतु जमीन भुसभुशीत राखणारे आणि पालापाचोळ्याचे खत करणारे हे मजूर गेले, तर ती जमीन पुढे कोणाच्या कामाची? वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा माणसे दगावली. माणसांचा मृत्यू डोळ्यांना दिसतो, त्याची नोंद होते. मातीचे दुखणे दिसत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, अशा प्रत्येक मैदानातील मातीची ठरावीक काळाने परीक्षा व्हावी, तीत पिलांची मोजणी असावी, आणि तिचा निकाल भोवतालच्या गावकऱ्यांना कळवावा.

विद्यार्थिमित्रहो, "काही झाले नाही" असे कोणी सांगेल, तेव्हा नम्रपणे, पण निर्भयपणे विचारा, "पुढच्या पिढीची मोजणी केलीत काय?"