लहान महाविद्यालयाचा संघ

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी जे शुल्क भरतो, त्यात जिमखाना शुल्काची एक लहानशी रक्कम असते. पावतीवरील ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. याच पैशांतून चेंडू येतात, गणवेश शिवले जातात, संघाला स्पर्धेच्या गावी जाण्याचे भाडे मिळते. शुल्क सर्वांचे, मैदानावर उतरणारे मात्र मोजके. समजा, महाविद्यालयात ६०० विद्यार्थी आहेत. कबड्डी आणि व्हॉलीबॉल या दोन खेळांत मुलांचे व मुलींचे प्रत्येकी १२ जणांचे संघ उभे केले, तरी खेळाडू होतात ४८. उरलेल्या ५५२ जणांनी पैसे भरावेत आणि टाळ्या वाजवाव्यात, एवढाच त्यांचा खेळाशी संबंध उरतो.

ही विषमता कोणाला खटकत नाही, कारण महाविद्यालयाचे क्रीडाजीवन ढालींवरून मोजण्याची सवय जडली आहे. वार्षिक अहवालात किती चषक मिळाले ते येते, किती विद्यार्थी खेळले ते येत नाही. मूल्यांकन समिती यायची असली की प्रमाणपत्रांच्या आणि छायाचित्रांच्या धारिका तयार होतात. मग सोपी वाट अशी, की इतरत्र तयार झालेले खेळाडू शोधावेत, त्यांना प्रवेश द्यावा आणि त्यांच्या बळावर विभागीय स्पर्धा जिंकावी. असा खेळाडू वर्गात क्वचित दिसतो आणि गावातल्या मुलांची जागा मात्र अडवतो. त्याने आणलेल्या चषकाला महाविद्यालयाचे यश म्हणणे ही आत्मवंचना आहे.

या संदर्भात खाशाबा जाधव यांचे उदाहरण वारंवार दिले जाते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या हेलसिंकी प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. एका खेळाडूवर सारे पणाला लावावे, असा बोध यातून काढणारे एक गोष्ट विसरतात. खाशाबा घडले ते घरच्या आणि गावच्या कुस्तीच्या परंपरेत, जिथे दहा वर्षांचा पोरही लाल मातीत उतरत असे. एक मल्ल निघावा म्हणून शेकडो जणांनी अंग मातीने माखून घेतलेले असते. प्राचार्यांचे औदार्य मोठेच; पण आधी आखाडा भरलेला होता.

आजच्या लहान महाविद्यालयाची अडचण निराळी आहे. कबड्डी हा गरिबांचा खेळ म्हणून ओळखला जाई. सपाट जमीन, फक्कीच्या चार रेषा आणि श्वास, एवढे भांडवल पुरत असे. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मॅटवर पायात बूट लागतात. वळताना पाय घसरत नाही, उलट रोवला जातो आणि गुडघ्यावर ताण येतो. मातीवर वर्षभर सराव केलेला संघ स्पर्धेच्या दिवशी प्रथमच मॅटवर उभा राहतो, तेव्हा त्याचे अर्धे बळ तोल सांभाळण्यात जाते. शहरातील संघ वरचढ ठरतो, त्यात कौशल्याइतकाच या सवयीचाही वाटा असतो. विभागासाठी एक मॅट घेऊन ती महाविद्यालयांनी आळीपाळीने वापरली, तर खर्च विभागला जाईल. इतकी साधी व्यवस्था का होत नाही, याचे उत्तर पैशांत नाही. शेजारच्या महाविद्यालयाला स्पर्धक मानण्याच्या वृत्तीत ते आहे.

मुलींची अडचण वेळापत्रकाशी बांधलेली असते. सराव संध्याकाळी असतो आणि गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. त्याआधीच सुटते. मुलीने संघातून नाव काढून घेतले की घरच्यांच्या जुनाट विचारांना दोष दिला जातो. तो कधी खराही असतो. परंतु सराव सकाळच्या तासिकांच्या मध्ये ठेवला असता ती मुलगी राहिली असती का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. बसच्या वेळा महाविद्यालयाच्या हातात नसतात, तासिकांच्या असतात.

स्पर्धा नकोत, असे याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला एका प्रमाणपत्राचे मोल काय असते, हे शहरात बसून कळणार नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, म्हणजे त्याचे जग तालुक्याबाहेर पोहोचते. मात्र ही संधी बाराजणांपर्यंत येऊन थांबू नये, यासाठी वर्गावर्गांतील सामने वर्षभर चालले पाहिजेत. कला शाखेचा दुसरा संघ वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या संघाशी खेळतो, तेव्हा प्रेक्षक नसले तरी चालते. जो मुलगा कधीच निवडला जाणार नाही, तोही त्या दिवशी घाम गाळून घरी जातो.

हे सामने भरवणारे माणूस मात्र हवे. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिकामे राहिले की जिमखान्याची किल्ली एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त काम म्हणून सोपवली जाते आणि तासिका संपल्यावर खोलीला कुलूप लागते. शुल्क त्या वर्षीही घेतले जातेच. ते कशावर खर्च झाले, किती विद्यार्थी वर्षातून निदान वीस दिवस मैदानावर आले, त्यांत मुली किती, हे आकडे चषकांच्या यादीशेजारी अहवालात छापण्यास कोणत्याही महाविद्यालयाला कोणाच्या परवानगीची गरज नाही.