पडीक कुणाच्या लेखी?

मे महिन्याच्या अखेरीस रत्नागिरीजवळच्या एखाद्या सड्यावर उभं राहिलं, तर पायाखालचा जांभा तव्यासारखा तापलेला असतो. सावली नाही, हिरवी काडी नाही, नजर पोचेल तिथवर काळपट कातळ. महिन्याभरानं त्याच जागी परत यावं. मृगाच्या सरींनी कातळातल्या खळग्यांत बोटभर पाणी साठलेलं असतं, त्यात बेडकांची पिल्लं वळवळत असतात आणि फटींतल्या मूठभर मातीतून कोकण दीपकाडीचे पांढरे तुरे वर आलेले असतात. ही वनस्पती या कोकणपट्टीचीच. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं फुलतात आणि सडा निळा-जांभळा होतो. दिवाळी सरली की उरतं पिवळं गवत, आणि मग पुन्हा कातळ.

सातबाऱ्यावर या सगळ्याला एकच शब्द आहे: पोटखराबा. म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून आकारणी नाही.

शब्द महसुलाचा आहे आणि महसुलापुरता तो बरोबरही आहे. जिथे भात पिकत नाही तिथे सारा कशाचा घ्यायचा? चूक पुढे होते. सारा नाही म्हणून किंमत नाही, किंमत नाही म्हणून उपयोग नाही, आणि उपयोग नाही म्हणून कुठल्याही प्रकल्पाला ती जागा मोकळी, अशी ही उतरंड आहे. भारतासारख्या देशात, जिथे एका टोकाला मौसिनराममध्ये वर्षाला ११ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि दुसऱ्या टोकाला जैसलमेर दोनशेच्याही आत असतं, तिथे जमिनीच्या भल्याबुऱ्याचं माप एकच ठेवणं ही साधी कारकुनी चूक राहत नाही.

केंद्र सरकार गेली काही वर्षं देशातल्या पडीक जमिनीचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करतं. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं तो तयार केला आहे. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशातली सुमारे ५.५७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास १७ टक्के जमीन पडीक आहे. महाराष्ट्राच्या पावणेदोनपटीहून मोठा हा प्रदेश. त्यातले वर्ग वाचत गेलं की थबकायला होतं. झुडपी माळ, वाळूची टेकाडं, पाणथळ, खारट जमीन, उघडा कातळ, आणि त्याच यादीत बर्फाच्छादित व हिमनद्यांचा प्रदेश. ज्या गंगोत्री हिमनदीच्या गोमुखातून भागीरथी बाहेर पडते, तिच्यासारख्या हिमनद्याही या हिशेबात पडीक ठरतात. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण ज्या शब्दात हिमालयातला बर्फ आणि शेताच्या कडेचा नापीक तुकडा एकत्र बसतो, तो शब्द भूगोलाच्या कामाचा नाही.

आता सड्याखाली काय चालतं ते पाहू. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाळाभर तो पाणी पितो. त्याच्या तळाशी पांढरट चिकण मातीचा थर असतो, तिथे पाणी अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या कडेला, उतारावर झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. कोकणातल्या कितीतरी वाड्यांच्या विहिरी आणि पोफळीच्या बागा या झऱ्यांवर जगतात. वर सडा उघडा आहे म्हणून खाली आगर हिरवं आहे. वर सिमेंट ओतलं की खाली विहीर आटते. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, वाडीतली कुठलीही आजी सांगेल.

शिवाय याच कातळावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कोरून ठेवलं आहे. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव हिंडून शोधलेली कातळशिल्पं आज जगभर माहीत झाली आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती आहे, बारसू आहे, उक्षी आहे, देवाचे गोठणे आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ही शिल्पं गेली, गोव्यातल्या फणसामळसह. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी, विशेषतः बायका, रणरणत्या उन्हात कातळावर आडव्या झाल्या. प्रकल्प हवा की नको यावर मतं वेगळी असू शकतात. पण ‘तिथे काही नाहीच’ हा दावा मात्र खोटा होता.

घाट चढून देशावर आलं की दुसरा ‘पडीक’ प्रदेश सुरू होतो, तो माळरानाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर वाई, आणि तिथे त्याचा सातवा-आठवा हिस्सा. आणखी पूर्वेला माण, फलटण, इंदापूर. पर्जन्यछायेतला हा मुरमाड पट्टा झाडांसाठी नाही, गवतासाठी घडलेला आहे. पवना, कुसळी, मारवेल ही त्याची खरी पिकं. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि माळढोक ही त्याची माणसं म्हणावीत इतकी त्याची.

आणि अर्थात धनगर. दिवाळीनंतर पुणे-सातारा भागातले धनगरवाडे दख्खनी मेंढ्या घेऊन घाट उतरतात आणि कोकणात भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. पावसाच्या तोंडावर कळप पुन्हा माळावर. माळाचं गवत, घाटाची वाट आणि कोकणातलं खाचर यांना जोडणारा हा व्यवहार कुठल्याही सिंचन आराखड्यापेक्षा जुना आहे आणि सह्याद्रीचा भूगोल त्याला पुरता पाठ आहे.

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातली आधुनिक जमीनमोजणी सुरू केली ती याच इंदापुरात. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर, मातीचा कस, साऱ्याचा दर. काम नेटकं होतं, रयतेवरचा जाचही त्यानं काही अंशी कमी झाला. पण त्या पट्टीत बसलं ते फक्त पीक. त्याआधी सरकारं सारा घेत नव्हती असं नाही, पड जमिनीची नोंद तेव्हाही होती. तरी जुन्या व्यवहारात गायरान होतं, कुरण होतं. मराठ्यांच्या घोडदळाची कुरणं राखीव असत. गवताला राज्याच्या लेखी किंमत होती.

स्वातंत्र्यानंतर या मापाला दुसरं एक माप जोडलं गेलं: झाड. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं आणि दरवर्षी ५० लाख हेक्टरवर झाडं लावण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. माळरानांवर खड्डे खणले गेले, गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. या पक्ष्याला उघडा माळ लागतो, जिथून दूरवरचं दिसेल. शेती, रस्ते, तारा यांनी त्याला हुसकावलं हे खरं, पण दाट लावलेल्या झाडांनीही त्याच्याकडून घर काढून घेतलं, आणि तेही पर्यावरणाच्या नावाखाली.

याचा सगळ्यात मोठा धडा कच्छमध्ये आहे. भूजच्या उत्तरेला सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं बन्नीचं गवताळ मैदान पसरलं आहे. तिथले मालधारी आपल्या म्हशी रात्री चरायला सोडतात. दिवसाच्या उन्हात नाही. म्हशी अंधारात मैलोन्‌मैल जातात आणि सकाळी दूध द्यायला आपापल्या दारात परततात. बन्नी म्हैस ही आज देशातली मान्यताप्राप्त जात आहे. पाण्यासाठी मालधारी ‘विरडा’ खणतात. भूगर्भातलं पाणी खारं, पण पावसाचं गोडं पाणी हलकं असल्यानं त्याच्यावर थर धरून राहतं. उथळ झिरा खणून तेवढंच वरचं पाणी अलगद काढायचं. रण पुढे सरकू नये म्हणून वन खात्यानं १९६० च्या दशकात इथे विलायती बाभूळ लावली. तिनं गवत गिळलं. तिला स्थानिक लोक ‘गांडो बावळ’ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. जिथे जनावरं चरत होती तिथे आता कोळशाच्या भट्ट्या लागतात.

जैसलमेरचे लोक तर पाण्याचे तीन प्रकार सांगतात. आकाशातून पडलेलं ते पालर, खोल विहिरीतलं ते पाताल, आणि या दोन्हींच्या मध्ये वाळूत मुरलेलं ते रेजाणी. काही ठिकाणी वाळूखाली खडूसारखा चिवट थर असतो. त्यामुळे पावसाचा ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ही जागा नेमकी ओळखून तिथे अरुंद कुंई खणायची आणि रात्रभर थेंबथेंब झिरपलेलं पाणी सकाळी काढायचं. अनुपम मिश्र यांनी हे सगळं हिंदीत लिहून ठेवलं आहे. याच वाळवंटात सेवण गवत आहे, त्यावर पोसलेली थारपारकर गाय आहे, आणि देवाच्या नावानं राखलेली ‘ओरण’ नावाची राने आहेत, जिथे कुऱ्हाड चालत नाही. यांतल्या कितीतरी ओरणांची सरकारी दप्तरात नोंद पडीक अशीच होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला अशी राने शोधून, मोजून त्यांना वनाचं संरक्षण देण्याचे निर्देश दिले.

नान्नजहून नाहीसा होत गेलेला माळढोक आता मुख्यतः याच जैसलमेरच्या टापूत तग धरून आहे. आणि याच टापूतून सौर प्रकल्पांच्या उच्चदाबाच्या तारा जातात. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. सौरऊर्जा देशाला हवीच. जोधपूरपलीकडच्या भडला सौर उद्यानासारखे दोन हजार मेगावॉटच्या वरचे प्रकल्प आपली गरज आहेत. प्रश्न जागा निवडण्याच्या पद्धतीचा आहे. नकाशावर पिवळा रंग दिसला की जागा रिकामी, असं धरून चाललं तर ओरण, गोचर, कुंई आणि पक्षी सगळं एकाच फटक्यात जातं. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरहून उंच, पश्मिना देणाऱ्या शेळ्या राखणारे चांगपा आज हाच प्रश्न विचारत आहेत.

शहरांनी हा धडा स्वतःच्या अंगावर घेतला आहे. मुंबईत खाजणं आणि मिठी नदीकाठची दलदल ‘निकामी’ म्हणून भरून टाकली गेली, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पाण्याला थांबायला जागा उरली नव्हती. तरीही २०२४ मध्ये मिठागरांची जमीन बांधकामासाठी देण्याचा निर्णय झालाच.

म्हणून पहिली दुरुस्ती शब्दांची हवी. ‘पडीक’ या एका खान्याऐवजी सडा, माळ, कुरण, खाजण, ओरण, बन्नी, हिमनदी हे जमिनीचे खरे प्रकार दप्तरात आले पाहिजेत. जिथे निसर्गतः गवत आहे तिथे झाडं लावण्याचे कार्यक्रम थांबले पाहिजेत, विशेषतः दुसरीकडे तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून होणारे. गवत जमिनीखालच्या मुळांत कार्बन साठवतं आणि वणव्यानंतरही तो बराचसा तिथेच राहतो. एवढं शास्त्र आता शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नाही. भूगोलाच्या तासाला नद्यांची लांबी पाठ करणाऱ्या मुलाला आपल्या गावच्या माळावर कोणतं गवत उगवतं हे ठाऊक नसेल, तर तो दोष मुलाचा नाही.

आणि एक काम दिल्ली-मुंबईची वाट न पाहता करता येतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच गावांत ती घाईनं भरून कपाटात ठेवलेली आहे. यंदाच्या पावसाळ्यात गावकऱ्यांनी ती मागून घ्यावी. सड्यावर कुठल्या महिन्यात काय फुलतं, त्याखालचे झरे कोणत्या विहिरींना पुरतात, धनगरांचे वाडे कोणत्या वाटेनं येतात, कोणत्या कुरणात टिटवी अंडी घालते, हे सगळं म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यात लिहावं आणि ग्रामसभेत वाचून घ्यावं. उद्या कुणी नकाशा घेऊन आलं आणि इथे काहीच नाही म्हणालं, तर ती वही पुढे ठेवता येईल.