कृष्णेचे पाणी राज्यांत वाटले, वस्तीत कधी वाटणार?

पावसाळा आला की सांगली-कोल्हापुरात अलमट्टीची चर्चा सुरू होते. कर्नाटक धरणाची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर नेणार, आपण बुडणार, मग सर्वपक्षीय बैठक, निवेदने, वकिलांची फौज. उन्हाळ्यात तोच वाद उलटा होतो. पाणी कमी पडते आणि ‘आमच्या हक्काचे टीएमसी’ मोजले जातात. भाषा दोन्ही वेळी एकच असते, महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक. या भाषेत ज्यांचे नावच येत नाही, त्या माणसांविषयी हा लेख आहे.

आधी कायदा समजून घेऊ. आंतरराज्य नद्यांच्या वादासाठी संविधानात कलम 262 आहे. मूळ मसुद्यातील तरतुदी अपुऱ्या वाटल्याने 1949 च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी ही नवी तरतूद संविधान सभेत मांडली. त्यानुसार 1956 साली संसदेने दोन कायदे केले. आंतरराज्य जलविवाद कायद्याने लवाद आले. नदी मंडळ कायद्याने संपूर्ण नदीचे एकत्र नियोजन करणारी मंडळे येणार होती. पहिला कायदा धडाक्यात वापरला गेला. दुसऱ्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. म्हणजे भांडण्याची यंत्रणा आपण चालू ठेवली आणि एकत्र बसण्याची कपाटात ठेवली. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदीच्या निमित्ताने नेमका दुसरा मार्ग आखला होता. नदी एक आहे, तिचे नियोजनही एकत्र करा, पूर, सिंचन आणि वीज यांचा वेगवेगळा विचार करू नका, ही त्यांची भूमिका होती.

आता कृष्णेचा हिशेब पाहू. 1969 साली बच्छावत लवाद नेमला गेला. 1973 चा निवाडा आणि 1976 चा अंतिम आदेश यांनी 2060 टीएमसी पाणी वाटले. महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्र प्रदेशाला 800. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. पुढे 2004 मध्ये ब्रिजेशकुमार लवाद आला, 2010 मध्ये त्याने निर्णय दिला, तो राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मनाई केली, आणि वाद चालूच राहिला.

या सगळ्या प्रक्रियेत पक्षकार कोण? फक्त राज्य सरकारे. कायद्याची रचनाच तशी आहे. महाराष्ट्राच्या वतीने जो उभा राहतो, तो आटपाडीच्या भूमिहीन मजुरासाठीही उभा आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक एकदा तपासून पाहा.

राज्याच्या वाट्याला आलेले पाणी धरणातून कालव्यात आणि कालव्यातून शेतात जाते. म्हणजे सातबारा आहे त्याला पाणी. सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या, त्यांचे सभासदत्वही लाभक्षेत्रातील जमीनधारकाला. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या जमीन धरू दिली नाही, त्याला आता जमीन नाही म्हणून पाणीही नाही. जातीचे नाव न घेता जातीचे काम करणारा याहून सोज्वळ नियम दुसरा सापडणार नाही.

पुरातही तेच. 2019 च्या महापुरानंतर पिकाची भरपाई क्षेत्रावर मोजली गेली. ऊस बुडाला त्याचा पंचनामा झाला. त्या उसात भांगलणीला जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? तसा रकानाच नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की आधी राज्याचा वाटा पदरात पडू द्या, आतले वाटप नंतर बघू. अहो, 560 टीएमसी पदरात पडून पन्नास वर्षे होत आली. हे ‘नंतर’ कोणत्या साली येणार आहे? दुसरा आक्षेप, जमीनच नाही त्याला पाणी कशाला? याचे उत्तर याच महाराष्ट्राने दिले आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाण्याचा हक्क एकरावर नव्हे, माणशी ठरला आणि भूमिहीनांनाही वाटा मिळाला. दक्षिण महाराष्ट्रात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या चळवळीने समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. पाण्याचा हक्क हाती असला तर भूमिहीन माणूस खंडाने जमीन करू शकतो, चारा पिकवू शकतो आणि शेतमालकाशी बरोबरीने बोलू शकतो. खरी अडचण या शेवटच्या गोष्टीची आहे.

बाबासाहेबांनी 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये याच्याही पुढचे मांडले होते. शेतजमीन राज्याची, शेती सामुदायिक, आणि पाणी, बियाणे, अवजारे पुरवणे ही राज्याची जबाबदारी. जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना जमीन कसायला मिळावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच राहू नये, असा तो आराखडा होता. पाण्याचा प्रश्न जमिनीच्या मालकीपासून तोडता येत नाही, हे त्यांना तेव्हाच दिसत होते.

सीमाप्रश्नाचेही असेच आहे. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, 865 गावांची मागणी आहे. सीमाभागातील मराठी माणसाच्या भाषिक हक्कांना आमचा पाठिंबा आहेच. पण अनुसूचित जातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. निपाणीची मुलगी लग्न होऊन कागलला आली की जातीच्या दाखल्यासाठी तिची पायपीट सुरू होते. जात तिच्यासोबत सीमा ओलांडते, सवलत ओलांडत नाही. या प्रश्नावर किती सर्वपक्षीय बैठका झाल्या? भाषिक राज्यात बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता एकवटेल, हा इशारा बाबासाहेबांनी 1955 मध्येच दिला होता.

महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे ठरावाने खुले केले. पाणी मिळाले नाही. 1927 चा सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयात 1937 पर्यंत लढावे लागले. कागदावरचा वाटा ओंजळीत आपोआप येत नाही, हा धडा आपण विसरू नये.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कृष्णा खोऱ्यातील प्रत्येक उपसा योजनेत भूमिहीन कुटुंबांचा माणशी वाटा कायद्याने ठरवा. पाणी वापर संस्थांचे सभासदत्व त्यांना खुले करा. पूर-भरपाईत बुडालेल्या मजुरीची नोंद घ्या. अलमट्टीविरुद्धच्या पुढच्या मोर्चात आपण जरूर जाऊ, पण हातात हे निवेदन घेऊन जाऊ.

जय भीम.